पत्राची कड

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी (ज्यू). त्यांच्या घरातली जुनी पत्र्याची ट्रंक उघडली की सगळे आधी पत्रांच्या मजकुराला भिडतात आणि दहा-बारा पत्रांत दमतात. मजकूर ठरलेला. सर्व खुशाल आहेत, मनीऑर्डर पोचली, पाऊस फार झाला, धाकट्याला गोवर येऊन गेला, स्थळाचं अजून काही कळलं नाही. यातून घराण्याचा इतिहास काढायचा म्हणजे लोणी काढून झालेल्या ताकात पुन्हा रवी फिरवायची. ऐवज असतो तो कडेला: पाकिटाच्या मागे, टपालाच्या शिक्क्यात, तारखेच्या ओळीत, कागद संपला म्हणून समासात आडव्या घुसवलेल्या दोन ओळींत. म्हणून पत्र वाचण्याआधी ते चारही बाजूंनी फिरवून बघावं. आणि पाकीट व पत्र यांची ताटातूट करू नये. नीटनेटकेपणाच्या हौसेनं पाकिटांचा एक गठ्ठा आणि पत्रांचा दुसरा केला की संपलंच. पत्रावर नुसतं ‘गुरुवार’ लिहिलेलं असतं आणि साल पाकिटावर राहतं.

या समाजाचं घरगुती लिखाण मुख्यतः मराठीत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही कथा घरोघर सांगतात. तिला कागद नाही. कागद सुरू होतो तो फार नंतर. मधल्या काळात ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवत होती, शनिवारी घाणा बंद ठेवत होती आणि गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ करून टाकलं होतं. हिब्रू विसरली, ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. ती भाषा परत आली तीही मराठीचा हात धरून. पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा निघाला, म्हणजे वल्हांडणाच्या (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) रात्री घरी वाचायची पोथी. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हगाद्यात तर बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात दाखवल्या आहेत. तेव्हा एखाद्या जुन्या घरच्या ट्रंकेत मोडी, बाळबोध, हिब्रू आणि इंग्रजी अशा चार लिप्या निघाल्या तर गोंधळून जाऊ नये. एकाच माणसाच्या चार सह्याही निघू शकतात.

गोंधळ खरा होतो तो नावांत. सॅम्युअलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. मुंबईतली पहिली यहुदी मशीद १७९६ मध्ये बांधली गेली (बेने इस्राएल सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराला, मशीदच म्हणत; मशीद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद तीच असं सांगतात). ती बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर जुन्या नोंदींत सामाजी हसाजी दिवेकर असे भेटतात. ही दोन माणसं समजून वंशवृक्षाला दोन फांद्या फोडणारे कमी नाहीत. मोडी कागद असेल तर आणखी पंचाईत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि मोडी वाचणारा जाणकार बहुधा मराठा-ब्राह्मण दफ्तरांवर तयार झालेला असतो. त्याच्या डोळ्याला ‘येसाजी’ ओळखीचा, ‘इसाजी’ अनोळखी. तो सरळ येसाजी वाचून मोकळा होतो. मोडीवाचकाकडे कागद देण्याआधी त्याला घरातल्या नावांची यादी द्यावी, ‘जी’ लावलेल्या आणि न लावलेल्या दोन्ही रूपांत. अर्ध्या चुका तिथेच टळतात.

नावांचा दुसरा फेरा म्हणजे पुनरुक्ती. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे आयझॅक सॅम्युअल, सॅम्युअल आयझॅक, पुन्हा आयझॅक सॅम्युअल असा पाळणा झुलत राहतो. त्यात पेणकर, रोहेकर, केहिमकर, अष्टमकर, झिराडकर ही गावावरची आडनावं शहरात गेल्यावर अनेकांनी गाळली आणि बापाचं नाव आडनावासारखं लावलं. मुंबईचे १९३७ सालचे महापौर डॉ. ई. मोझेस यांचं नाव ज्या रस्त्याला आहे, त्या पाटीवरून त्यांचं गाव कळत नाही. कधी एका भावाच्या पत्रावर ‘कर’ असतो आणि दुसऱ्याच्या पत्रावर नसतो. ‘कर’ असला तरी एका गावाचे सगळे एका रक्ताचे, असं धरून चालू नये. आडनावानं गाव कळतं, नातं नाही. नातं कळतं पत्राच्या मायन्यावरून. तीर्थरूप कोणाला लिहिलं, चिरंजीव कोणाला, आणि शेवटी ‘माहेरी सर्वांना’ कोणामार्फत निरोप दिला, या तीन जागा प्रत्येक पत्रातून उतरवून काढाव्यात. वीस पत्रांत घराचा नकाशा तयार होतो.

आता तारखा. जुन्या मराठी कागदांवर शके असतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८११ चा आषाढ म्हणजे १८८९. हिब्रू साल अक्षरांत लिहितात आणि हजार बहुतेकदा गाळतात. ताव म्हणजे ४००, रेश २००, नून ५०. तिन्ही मिळून ६५०, म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचं ५६५० साल. गाळलेल्या सालात १२४० मिळवले की इसवी सन येतो: १८९०. फक्त तिश्री, हेश्वान, किस्लेव हे महिने आणि तेवेतचा डिसेंबरात पडणारा भाग असेल तर त्यातून एक वजा, म्हणजे १८८९. महिन्याची पंधरावी आणि सोळावी तिथी दहा-पाच, दहा-सहा अशी न लिहिता नऊ-सहा, नऊ-सात अशी लिहितात. सरळ लिहिल्यास देवाच्या नावाची अक्षरं होतात म्हणून. हे माहीत नसलं की वाचणारा ती चूक समजून ‘दुरुस्त’ करतो. आणखी एक: यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मंगळवारी रात्री आठला जन्मलेल्या मुलाची इंग्रजी तारीख मंगळवारची आणि हिब्रू तिथी बुधवारची असते. दोन्ही बरोबर असतात. एक खोडून दुसरी ठेवणाऱ्यांनी बऱ्याच वह्यांची वाट लावली आहे.

पण घरगुती पत्रात तारीख म्हणून बहुतेक वेळा सणच येतो, आणि तोही मराठी नावाचा. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, नवं वर्ष. दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, दारं लावून घेण्याचा, कडकडीत उपासाचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. होळीचा सण म्हणजे पुरीम. अनाशीढाकाचा सण म्हणजे वल्हांडण, आंबटाचं मडकं झाकून ठेवायचे दिवस. बिरड्याचा रोजा म्हणजे आब महिन्याच्या नवमीचा उपास, ज्याला वालाच्या बिरड्याचं नाव पडलं. दोन्ही पंचांगं चांद्र असल्यानं हे सण आपल्या सणांच्या जवळपास पडतात: नव्याचा सण घटस्थापनेच्या आगेमागे, दारफळणी दसऱ्याच्या, होळीचा सण होळीच्या. मात्र अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी येतो. त्यामुळे एखाद्या वर्षी एका दिवसाचा फरक, तर एखाद्या वर्षी अख्ख्या महिन्याचा. ‘होळीनंतर निघतो’ या ओळीवरून तारीख ठरवायची तर आधी त्या वर्षीची दोन्ही पंचांगं शेजारी मांडावी लागतात. आणि ‘होळी’ म्हणजे कोणाची होळी, हे लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं होतं.

सणही नसेल तर पाकीट बोलतं. ‘नये पैसे’ छापलेलं तिकीट १९५७ ते १९६४ मधलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नुसतं ‘मुंबई १०’ असेल तर बहुधा आधीचं, पण जुन्या सवयीनं लोक पुढेही कित्येक वर्षं तसंच लिहीत राहिले, म्हणून एवढ्यावर भिस्त ठेवू नये. ‘जि. कुलाबा’चंही तसंच: जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, म्हाताऱ्या माणसांच्या हातून ते नंतरही कुलाबाच राहिलं. कराचीची पाकिटं तर आवर्जून जपावीत. तिथे रेल्वेत, कस्टममध्ये, बंदरात नोकऱ्या करणारी बेने इस्राएल कुटुंबं होती, १८९३ मध्ये उभी राहिलेली मागेन शालोम मशीद होती. १९४७ च्या ऑक्टोबरापासून त्याच इंग्रज राजाच्या तिकिटावर ‘पाकिस्तान’ असा छाप दिसू लागतो. एकाच हस्ताक्षरातली, सप्टेंबरातली आणि नोव्हेंबरातली दोन पाकिटं शेजारी ठेवली की पुढं काही लिहायची गरज उरत नाही. ती मशीद १९८८ मध्ये पाडली गेली.

ट्रंकेतला सगळ्यात मोठा कागद बहुधा केतूबा असतो, लग्नाचा करारनामा. घरात तो नक्षीसाठी कौतुकाचा विषय असतो: कमान, वेली, मोर, वर हिब्रू वचनाची ओळ. मजकूर अरामी भाषेत, साचेबंद. पण त्या साच्याच्या रिकाम्या जागांत जे भरलंय तेच वाचायचं. आधी आठवड्याचा वार, मग महिन्याची तिथी, मग साल, तेही आकड्यांत न घालता शब्दांत लिहिलेलं. वार आणि तिथी जुळत नसतील तर साल वाचण्यात आपलीच चूक झालेली असण्याची शक्यता जास्त. मग गावाचं नाव. मग वर आणि त्याचा बाप, वधू आणि तिचा बाप. त्यानंतर येते ती रक्कम, जिच्याकडे कोणी बघत नाही. कुमारिकेसाठी शास्त्रानं ठरलेले २०० झूझ (जुनी चांदीची नाणी), विधवेसाठी किंवा घटस्फोटितेसाठी १००. ज्या आजीचं एकच लग्न झालं असं घरात तीन पिढ्या सांगितलं जातं, तिच्या केतूब्यावर १०० दिसले तर बहुधा आधी एक लग्न होऊन गेलं होतं. घरानं ते लपवलं असेलच असं नाही. पहिला नवरा पटकीत किंवा प्लेगात गेला आणि बोलायचं राहून गेलं, एवढंच असू शकतं.

खाली साक्षीदारांच्या सह्या. इथे हमखास फसगत होते. आपल्याकडच्या कागदावर सही करणारा म्हणजे काका, मामा, घरचाच कोणीतरी. केतूब्याचा साक्षीदार मात्र वधूवरांच्या जवळच्या नात्यातला चालत नाही. म्हणजे ज्याला वंशवृक्षात कुठं बसवू म्हणून लोक महिनोन् महिने डोकं खाजवतात, तो जवळच्या नात्यात नाही याचा तो पुरावाच असतो. तो शेजारी असेल, कचेरीतला असेल, मशिदीचा कारभारी असेल. सही हिब्रूत नसून मोडीत असेल तर त्यावरूनही काही कळतं: प्रार्थना हिब्रूत म्हणता येत असली तरी हात मराठीलाच सरावलेला होता.

आणि केतूबा असतो बाईचा. नवऱ्यानं बायकोला दिलेला तो कागद, तिच्या हक्काचा, त्यामुळे तो पुष्कळदा तिच्या आईकडे, बहिणीकडे ठेवायला जातो. आडनावाच्या घरात सापडला नाही म्हणून हरवला असं समजू नये. माहेरच्या ट्रंका धुंडाळाव्यात. मराठी पद्धतीचा घराण्याचा इतिहास बापाकडून बापाकडे चालतो. यहुदी धर्मात माणूस यहुदी ठरतो आईकडून. ट्रंक एका पद्धतीनं भरलेली आणि प्रश्न दुसऱ्या पद्धतीनं विचारलेला, अशी ही तऱ्हा.

तो प्रश्न प्रत्यक्षात विचारला गेला. १९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला जाऊ लागली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं लग्न लावणाऱ्यांना सूचना काढली: बेने इस्राएल मुलगा वा मुलगी समोर आली तर आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागे चौकशी करा. कोकणात दोन हजार वर्षं राहिल्याचं सांगणाऱ्या माणसांना पणजीच्या माहेरचे कागद मागितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली आणि ऑगस्टमध्ये संसदेनं, म्हणजे क्नेसेटनं, बेने इस्राएल हे सर्वार्थानं यहुदी आहेत असा ठराव केला. त्या दोन-अडीच वर्षांत अलिबाग, पेण, ठाणे, मुंबईकडे आलेली पत्रं चाळली तर त्यांचा सूरच पालटलेला दिसतो. खुशालीआधी मागणी येते: आजीच्या लग्नाचा कागद शोधा, मशिदीच्या नोंदवहीतला उतारा काढून शिक्का मारून पाठवा, अमुक बाईंच्या आईचं माहेरचं आडनाव काय ते विचारा. घराण्याच्या स्त्रियांची नावं ज्या काळात सगळ्यात बारकाईनं लिहिली गेली तो हा काळ, आणि त्याचं कारण काही प्रेमाचं नव्हतं. या वर्षांची पत्रं सापडली तर आधी ती वाचावीत. इकडे महाराष्ट्रात यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा मिळायला २०१६ उजाडलं. तोवर कितीतरी अर्जांवर ‘इतर’ या रकान्यात खूण करत दिवस गेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर जातीधर्माच्या रकान्यात काय लिहिलंय ते म्हणूनच बघण्यासारखं असतं: बेने इस्राएल, इस्राएल, यहुदी, ज्यू. एका घरातल्या चार भावंडांचे चार शब्द म्हणजे चार कारकुनांची चार मतं.

जन्ममृत्यूची खात्रीची नोंद मात्र या कागदांत कमी आणि प्रार्थनेच्या पुस्तकात जास्त सापडते. पुस्तकाच्या पहिल्या किंवा शेवटच्या कोऱ्या पानावर घरातला कर्ता जन्म, सुंता, लग्न, मृत्यू लिहीत जातो. शाई बदलते, हस्ताक्षर बदलतं. आता अडचण अशी, की ज्या ग्रंथात देवाचं नाव आहे तो फाटला तरी टाकायचा नसतो, जाळायचा नसतो. तो मशिदीत वेगळा ठेवतात आणि पुढे दफनभूमीत पुरतात. रीत सुंदर आहे, पण कोऱ्या पानावरची पाच पिढ्यांची यादीही त्याबरोबर मातीत जाते. घर आवरताना जीर्ण पुस्तकं मशिदीत नेऊन देण्याआधी प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं पान, पुठ्ठ्याची आतली बाजू आणि मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या यांचे फोटो काढावेत. अर्धा तास लागतो.

वस्तूंचंही असंच, कडेपासून सुरुवात. बेने इस्राएल पलटणीत मोठ्या संख्येनं होते, पार सुभेदार-मेजरपर्यंत चढलेले. त्यामुळे घरात एखादं चांदीचं पदक निघतंच. राणीचा मुखडा सगळे बघतात. नाव, हुद्दा आणि पलटण असते पदकाच्या कडेवर, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीत. दिवाळीच्या भांड्यांबरोबर ते दरवर्षी चिंच-मीठ आणि पावडरीनं घासलं गेलं असेल तर मुखडा लखलखतो आणि कड गुळगुळीत होते. पदक घासू नये. काळं पडलंय तर पडू द्यावं. मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरून कड हळूहळू फिरवत फोटो काढले की पुसट अक्षरंही सावलीनं उठतात. नाव इंग्रजीत आणि पलटणीच्या कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं असतं, हे मनात धरून वाचावं.

एलियाहू हनाबीची तसबीर बहुतेक घरांत असते, अग्निरथातून आकाशात जाणारा संदेष्टा. मलिद्याचं ताट, पोहे-खोबरं-साखर आणि फळं, याच्याच नावानं. तसबिरीची मागची बाजू उघडताना चौकटीतले खिळे वर ओढू नयेत, आडवे वाकवून सोडवावेत, नाहीतर पुठ्ठ्याबरोबर चित्रही फाटतं. आत भर म्हणून कोंबलेलं वर्तमानपत्र आणि फ्रेमवाल्याचा कागदी शिक्का निघतो. त्यावरून ती घरात केव्हा आली याचा अंदाज लागतो. चित्र किंवा फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये. पावसाळ्याच्या दमटपणात फोटोवरचा थर मऊ होऊन काचेला धरतो, ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात. काचेसकटच त्याची छबी मोबाइलनं टिपावी आणि मूळ तसंच ठेवावं.

इस्राएलहून आलेली पत्रं बहुतेक एरोग्रामवर, निळ्या पातळ कागदाच्या घडीवर लिहिलेली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला. कागद एकच आणि सांगायचं फार, म्हणून तिन्ही कडा, चिकटवायच्या पट्ट्या, पत्त्याशेजारची बोटभर जागा, सगळीकडे लिहिलेलं. हे पत्र उघडण्यातच निम्मं बिघडतं. घाईत बोट घालून फाडलं की पट्टीवरची ओळ दोन तुकड्यांत जाते. त्याहून मोठं नुकसान पोरांनी केलंय: तिकिटं जमवण्याच्या नादात छापील तिकिटाचा चौकोन कात्रीनं कापला, आणि त्याच्या मागे लिहिलेल्या चार ओळीही गेल्या. चौकोनी खिडकी पडलेली अशी एरोग्रामं जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात भेटतात. तिकिटांचा अल्बम त्याच घरात असेल तर तिकिटं उलटी करून बघावीत. हरवलेल्या ओळी तिथे असतात.

यांची मराठी वाचायला मराठी पुरत नाही. सोखनूत म्हणजे ज्यू एजन्सी, माबारा म्हणजे आल्याआल्या राहायची छावणी, उल्पान म्हणजे हिब्रूचा वर्ग, शिकून म्हणजे सरकारी वसाहत. ‘शिकून मिळालं’ ही ओळ इकडचा वाचक ‘शिकायला मिळालं’ अशी समजतो, मिळालंय घर. पैसे लिरात असतील तर पत्र १९८० च्या आधीचं, शेकेल आले की नंतरचं. आणि शेवटी यादी: आमसुलं, सुकं खोबरं, गोडा मसाला, मेंदी, हिरवा चुडा, चायना ग्रास. चायना ग्रास चिकाच्या हलव्यासाठी, नव्याच्या सणाला लागणाऱ्या. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा, त्यात गाईचं दूध न घालता नारळाचं घालायचं; मटणाच्या जेवणावर दुधाचं काही चालत नाही, म्हणून या स्वयंपाकात नारळ सगळी कामं करतो. पत्रातून आलेल्या कृती करून बघताना मापांना जपावं. वजनी शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम, पण तांदूळ-गहू मापी शेरानं, पायलीनं मोजत, आणि शेर गावागणिक वेगळा होता. ‘एक शेर गहू, दोन नारळ’ यातल्या शेराचा किलो करून हलवा केला आणि तो वळलाच नाही, तर दोष आजीचा नाही.

जपणुकीचं थोडक्यात. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की कुलूप लावून ठेवलेली ट्रंकही आतून घाम धरते. पत्रं आठ-दहाच्या गठ्ठ्यात, खळ धुऊन काढलेल्या मलमलीत बांधून, जमिनीपासून वर ठेवावीत. दसऱ्यानंतर कोरड्या हवेत एकदा सगळं उघडून सावलीत पसरावं, उन्हात नाही. टाचण्या आणि स्टेपल खाऱ्या हवेनं गंजून कागद खातात. त्या ओढून काढल्या तर भोकं पडतात, म्हणून प्लॅस्टिकची पातळ पट्टी खाली सरकवून वाकवून काढाव्यात. डांबराच्या गोळ्या नकोत, वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवावी, कागदाला न लागता. कसर लागलीच असेल तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये, नाहीतर कागदावर पाणी सुटतं. सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्हींना घरात बंदी. केतूब्याला लॅमिनेट करून आणणारे प्रेमापोटीच करतात, पण तो कागद पुन्हा मोकळा होत नाही. भिंतीवर रंगीत प्रत लावावी, मूळ अंधारात.

स्कॅन करताना पत्रं ४०० डीपीआयनं, फोटो ६०० नं, दोन्ही बाजू, आणि पाकीटही. फोटोच्या पाठीमागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला. बॉलपेननं लिहिलं की चेहऱ्यावर वळ उठतात. जुनी काळी शाई उडून फिकट तपकिरी झाली असेल तर अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च दोन-चार सेकंद मारून फोटो काढावा, अक्षरं गडद दिसतात.

एवढं करून झालं की कागद वाचून घ्यायचे राहतात. दिमोना-अश्दोदमधल्या नातवंडांना हिब्रू येते, मराठी कानाला कळते, देवनागरी येत नाही. तिथली आजी वाचून दाखवते आणि नातू फोनवर रेकॉर्ड करतो, हाच सध्याचा चालू मार्ग. एका बैठकीत तीन-चार पत्रं पुरेत. प्रत्येकाआधी पाकिटावरचा पत्ता आणि शिक्का मोठ्यानं वाचून घ्यावा, म्हणजे कोणतं रेकॉर्डिंग कोणत्या पत्राचं ते नंतर जुळतं. वाचता वाचता ती मध्येच थांबते, चष्मा काढते आणि म्हणते, ‘ही बाई म्हणजे आपल्या रोह्याच्या मावशीची...’ नातवाला वाटतं पत्र बाजूला राहिलं, आणि तो बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवतो. ते तेव्हा चालूच ठेवावं.